बादशहाचा पळसाचा चेंडू

अकबर बादशहाच्या नावानं मी जितकी बोटं मोडली, तितकी सासूच्या नावानंही मोडली नसतील. नातवाच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचं चित्र आलं, की मी अजूनही पान उलटते. नातू हसतो. त्याला वाटतं आजीला इतिहासाचा कंटाळा आहे. त्याला काय सांगू, की हा माणूस एके काळी आमच्या घरात राहायला आला होता आणि त्यानं माझी जागा घेतली होती.

तो आला निमाबरोबर. निमा माझी आतेबहीण, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. तिचे वडील धडगावच्या कचेरीत कारकून. आठवी झाल्यावर तिला शिकायला आमच्याकडे प्रकाशाला ठेवायचं ठरलं, कारण तिथे घरी राहिली तर आत्या तिचं लग्न करून मोकळी होणार होती. आत्यानं पोचवायला येतानाच बजावलं होतं, "दोन वरीस तुमनाकडे ठेवा. मॅट्रिक व्हयनी तर व्हयनी. पन मधमाच घर परत उनी, तर मी तिना हात पिवया करसू." निमा तेव्हा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि आमचूर भरलेली पिशवी होती. त्या पिशवीचा आंबट वास पुढे कितीतरी दिवस आमच्या कोठीत होता. मी तिला हाताला धरून आत नेलं, माझी कंगव्याची जागा दाखवली, माझ्या उशीशेजारी तिची उशी ठेवली. पहिले आठ दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले, हे लिहून ठेवते, कारण पुढे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही.

आमचं घर तापीपासून दहा मिनिटांवर. कापूस, केळी आणि मिरची. मिरची वाळत घातली की घरातली सगळी माणसं दिवसभर शिंकत, आणि पाहुणा आला तर तो बोलण्याआधी शिंके. पहाटे आई दादर ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापायला बसे. तो थपथप आवाज आणि लांबून येणारी पाण्याच्या इंजिनाची भकभक ऐकत मी जागी होत असे. संध्याकाळी दिवेलागण झाली की बापू, म्हणजे माझे वडील, हातपाय धुऊन पाटावर बसत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत, कधी डुबुकवडे. पहिला घास मोडायच्या आधी ते उजवीकडे बघून म्हणत, "हं, काय नवीन?" उजवीकडे मी बसलेली असे. ती माझी जागा.

बापूंचं शिक्षण सातवीत सुटलं होतं. आजोबा गेले आणि पाटीऐवजी नांगर हातात आला. पण माहितीची भूक अशी, की किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून ठेवायचे. वाचायला मात्र त्यांना वेळ लागे. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे आणि कुणी आलं की वर्तमानपत्र घडी करून मांडीखाली सरकवायचे. म्हणून मी शाळेतून आले की त्यांना वाचून दाखवायची आणि रात्रीच्या जेवणाला एक नवीन गोष्ट सांगायची. उंटाच्या पोटात पाणी किती मावतं, चंद्रावर वारा का नाही, असलं काहीतरी. सगळ्या भावंडांत हे काम माझ्याकडे होतं. मी काळी, दात पुढे, गळा बेसूर. घरात मला बेबी म्हणत, म्हणजे नावातसुद्धा माझं स्वतःचं काही नव्हतं. पण बापूंच्या उजवीकडची जागा माझी होती.

नवव्या दिवशी मला काही नवीन सुचलं नाही. बापूंनी "हं?" केलं. मी घास चघळत वेळ काढत होते, तेवढ्यात समोरून निमा हळूच म्हणाली, "मामा, अकबर बादशहा कोठे बी गया तरी गंगानंच पानी पेत जाये." बापूंचा हात ताटावरच थांबला. मग निमानं सांगितलं, की बादशहा लढाईवर असला तरी गंगेचं पाणी मोहोरबंद भांड्यांतून त्याच्यापर्यंत जायचं आणि ते सोरा नावाचा क्षार घातलेल्या पाण्यात ठेवून थंड करायचे. बापू म्हणाले, "मुसलमान बादशहा नि गंगानं पानी? तापी त्याले कडू लागनी का?" आणि इतके हसले की आईनं चुलीपाशी बसून मागे वळून पाहिलं. उंटाच्या पोटावर ते कधी असे हसले नव्हते.

फुवांच्या, म्हणजे निमाच्या वडिलांच्या, कचेरीत बदलून गेलेल्या कुणा साहेबानं एक जाडजूड पुस्तक मागे टाकलं होतं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, आत फक्त अकबराचं घर, दरबार, मुदपाकखाना, हत्तीखाना. धडगावला पावसाळ्यात चार महिने दुसरं करायला काय असणार. निमानं ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. पुढे त्याला वाळवी लागली आणि आत्यानं ते चुलीत घातलं. आता ते सगळं निमाच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातून रोज थोडं थोडं आमच्या पाटावर उतरत होतं.

अकबरानं कपड्यांची नावं बदलली होती. टोपीला म्हणे शीशशोभा आणि जोड्याला चरणधरण. झालं. दुसऱ्या दिवसापासून बापू शेतात निघताना ओट्यावरून ओरडू लागले, "मन्हा चरणधरण कोठे शेत?" आणि आमची आई, जी कधी मोठ्यानं हसायची नाही, ती पदर तोंडात धरून त्यांच्या चपला शोधायची. अकबर पटांगणावर पचीशीचा पट आखून सोंगट्यांच्या जागी माणसं चालवायचा. अकबराला कबुतरं उडवायचा नाद होता आणि त्या खेळाला तो इश्कबाजी म्हणायचा. हे ऐकून आई म्हणाली, "पोरीस्नी जात, काय बी बोलस," आणि पुन्हा पदर तोंडात. अकबरानं असीरगड घेतल्यावर धाकट्या मुलाच्या, दानियालच्या नावावरून आपल्या खान्देशाचं नाव दानदेश ठेवलं होतं. हे तर बापूंनी चहाच्या टपरीपासून कापसाच्या गाडीपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. लोक त्यांना थांबवून विचारू लागले, "काय पाटील, बादशहा काय म्हनस?" बापूंची चालच बदलली.

हे सगळं मी गिळलं. पण एक गोष्ट गिळता आली नाही. एका संध्याकाळी निमा म्हणाली, की अकबराला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. रोज त्याला पुस्तकं वाचून दाखवत, आणि वाचणारा जिथे थांबे तिथे बादशहा स्वतःच्या हातानं खूण करी. बापूंनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "वाचता येये नही? नि तरी बादशहा?" त्यांचा आवाज इतका हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून जरा उशिरा आले तर ओट्यावर निमा वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. बापू समोर मांडी घालून उघडउघड बसलेले, कानावर पेन्सिल. ती थांबली तशी त्यांनी पेन्सिल काढून पानावर रेघ ओढली आणि मला बघून म्हणाले, "बेबी, तू जाय, मायले मदत कर."

मी गेले. चुलीपाशी बसून लसूण सोलला आणि डोळ्यांत पाणी आलं ते लसणावर ढकललं. हेवा म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. तिच्या वेणीचा, तिच्या अक्षराचा, ती भाकरी खाताना आवाज करत नसे त्याचासुद्धा मला राग यायचा. आणि सगळ्यांत राग याचा, की ती वाईट नव्हती. माझं गणित तीच सोडवून द्यायची. मी म्हणत राहिले, ही परत गेली पाहिजे. परत गेली तर तिचं काय होणार हे मला माहीत होतं. आत्याचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते.

माघ सरता सरता पळस फुलले आणि निमाला चेंडू आठवला. अकबर घोड्यावर बसून काठीनं चेंडू टोलवायचा खेळ खेळायचा, तो रात्रीसुद्धा. अंधारात चेंडू दिसावा म्हणून पळसाच्या लाकडाचा करायचे आणि पेटवायचे. पळस हलका असतो आणि एकदा पेटला की खूप वेळ धुमसत राहतो. बापूंना तर आनंदानं काय करू असं झालं. आमच्या बांधावरचा पळस, ज्याच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि मुळांचे चुना लावायचे कुंचले, तो बादशहाच्या खेळात! त्यांनी ती गोष्ट टपरीवर सांगितली. तिथे रघुनाथ मास्तर बसले होते. निवृत्त झालेले, आणि गावात आपल्याशिवाय कुणाला काही ठाऊक असलं की त्यांना ढेकर यायचे. ते म्हणाले, "पाटील, पोरीबाळींच्या गप्पांवर किती दिवस गाव हसवणार? लाकूड पेटतं ठेवून कुणी चेंडू खेळतं का?" बापू उठून उभे राहिले. "होयीले दखाडसू," ते म्हणाले. "गाव गोया करीसन दखाडसू."

होळीच्या तीन दिवस आधी त्यांनी मला नथू सुताराकडे पाठवलं. "त्याले सांग, पयसना चेंडू कर. बेलफळाएवढा." मी गेले. नथूकाका अंगणात जू तासत बसले होते. सांगितलेलं ऐकून ते माळ्याकडे बघत म्हणाले, "सुकं पयसनं लाकूड चुल्हावरना माळावर एक पडेल शे, ते लेस." मग त्यांची नजर दाराशी टेकवलेल्या ताज्या फांदीवर गेली. कालच कुंपणासाठी तोडलेली होती. ते स्वतःशीच पुटपुटले, "हाई तं वल्लं शे, हाई पेटाव नही."

तेवढं पुरलं. मी म्हणाले, "काका, बापूनी वल्लंच सांगेल शे."

"वल्लं? पेटाडनं शे ना त्याले?"

"सुकं काठी लागताच फुटी जाई. म्हनीसन वल्लं."

कुठून सुचलं मला हे? आजतागायत कळलेलं नाही. चौदा वर्षांची पोर मी, लाकडातलं मला काय कळत होतं. पण बोलले अशी, की नथूकाकांनी मान डोलावली. पाटलांनी विचार करूनच सांगितलं असणार. त्यांनी ती फांदी ओढली. चेंडू झाला तेव्हा सालीकडच्या बाजूनं लाल चीक पाझरत होता. मी वाटेत थांबून तो राखेनं चोळला आणि नखं तापीच्या वाळूनं घासली. घरी आल्यावर बापूंनी चेंडू तळहातावर झेलला. "भारी शे रे," ते म्हणाले आणि निमाच्या हातात दिला. निमानं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. भाकरी परतायला लागतो तेवढाच वेळ. आणि चेंडू कोनाड्यात ठेवून ती माझ्या वहीतलं गणित बघायला बसली.

होळीला गावच्या खळ्यात सगळं गाव जमलं. पोरांच्या गळ्यांत साखरेचे हार, हातात साखरेची कडी, तोंडं चिकट. बायकांनी गोवऱ्यांच्या माळा चढवल्या, पूजा झाली, होळी पेटली. अजून पश्चिमेला उजेड होता. बापू धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी निमाला पुढे उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाई मन्ही भाची. हिनी सांगेल शे." मग सांडशीत चेंडू धरून निखाऱ्यांत घातला.

आधी सुरसुर ऐकू आली. मग चेंडूच्या अंगातून फेस निघाला आणि धूर. बापूंनी तो उलटा केला, पुन्हा घातला. लोक वाट बघत होते. पाटील काहीतरी करून दाखवणार म्हणून काही म्हातारे मुद्दाम आले होते. बऱ्याच वेळानं बापूंनी चेंडू बाहेर काढून मातीत टाकला. वरून काळा पडला होता, बस. त्यांनी काठीनं टोला मारला, तो चार हात घरंगळत गेला आणि भाजलेल्या बटाट्यासारखा पडून राहिला. मग रघुनाथ मास्तर म्हणाले, "पाटील, बादशहाला थंडी वाजतेय." अख्खं खळं हसलं. कुणीतरी मागून निमाला "फेकाडी!" म्हणून ओरडलं आणि पोरांनी ते उचलून धरलं.

मी निमाकडे बघत होते. आता ती बोलणार, लाकूड ओलं आहे म्हणणार, नथूकाका इथंच उभे आहेत, त्यांना विचारणार. ती बोलली नाही. बापूंनी तिला विचारलं, अगदी हळू, "निमा, ते पुस्तक खरंच व्हतं ना?" ती म्हणाली, "व्हतं मामा." "कोठे शे?" "वाळवी लागी गई." बापूंनी मान हलवली आणि सांडशी उचलून घरी निघाले. नथूकाकाही गप्प राहिले. पाटलांचा हुकूम चुकला असं चारचौघांत सांगणारे ते नव्हते.

त्यानंतर जेवताना बापूंनी "काय नवीन?" विचारलं नाही. पेन्सिल कानावर दिसली नाही. त्यांना चेंडूचं दुःख नव्हतं, हे मला आता या वयात कळतं. त्यांना वाटलं ती खूण करण्याची गोष्टही खोटी होती. वाचता न येणारा बादशहा कुणी नव्हताच, पोरीनं मामाला बरं वाटावं म्हणून रचला होता. आणि आपण त्यावर विश्वास ठेवून ओट्यावर, चारचौघांसमोर, कानाला पेन्सिल लावून बसलो. परीक्षा झाली त्या आठवड्यात त्यांनी आईला सांगितलं, "निमाले पोचाडी दे तिना घर." निमानं पेटी भरली. जाताना तिनं मला तिची गणिताची वही दिली. जीपमध्ये माणसं कोंबून भरली होती, ती टपाच्या दांडीला धरून मागच्या फळीवर बसली आणि जीप शहाद्याच्या रस्त्यानं गेली.

माझी जागा मला परत मिळाली. पहिल्या संध्याकाळी मी बापूंच्या उजवीकडे बसले आणि त्यांनी विचारलं नाही तरी मीच सुरुवात केली, "बापू, अकबर बादशहा ना..." कारण नऊ-दहा महिन्यांत मला दुसरं काही नवीन कळलंच नव्हतं. बापू म्हणाले, "जेव." मी जेवले.

पाऊस संपता संपता नथूकाका गाडीचं चाक बघायला आले. मी ओट्यावर कापूस निवडत होते. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "पाटील, एक इचारू का? तुमी तो चेंडू वल्ला लाकूडना काबर करी लिन्हा? सुकं सांगतात तर रातभर पेटता." बापूंनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. माझे हात थांबले होते, हे त्यांना न बघताच कळलं असणार. "मन्हीच चूक व्हयनी, नथू," ते म्हणाले. "मीच वल्लं सांगेल व्हतं." आणि चाकाचं विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते धडगावला गेले. घाटातल्या जीपमध्ये ज्यांना उलट्या होत आणि जे बहिणीकडे लग्नकार्याशिवाय कधी गेले नव्हते, ते बापू. दोन दिवसांनी परत आले ते एकटेच. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "निमानं ठरी गयं. दिवाळीनंतर लगन शे." भाकरी मोडली. मला ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि पुढे बावीस वर्षं जगले, तेव्हाही कधी बोलले नाहीत. मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. माझं लग्न त्यांनी थाटात केलं, माझ्या बाळंतपणांना आले, माझ्या घरी मुक्काम केला. पण काय नवीन, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

निमा धडगावलाच आहे. चार मुलं, सुना, नातवंडं. मॅट्रिक राहिलं ते राहिलंच. लग्नाकार्यात आम्ही भेटत आलो, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक करत आलो. गेल्या उन्हाळ्यात ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नंदुरबारला आली आणि आठ दिवस माझ्याकडे राहिली. एका दुपारी मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होते. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून मला धीर झाला.

"निमा," मी म्हणाले, "तो चेंडू वल्ला लाकूडना व्हता."

"माले माहीत शे."

"कव्हयपासून?"

"हातमा लिन्हा तव्हयच समजनं. पयस एवढा भारी ऱ्हास नही."

"मंग बोलनी काबर नही? बोलती तर ऱ्हाती ना तू."

तिनं मिटल्या डोळ्यांनीच गालावर ओघळलेलं औषध पुसलं. "मी बोलती तर मामा तुले काय म्हनतात? माले तठे दोनच वरीस काढना व्हतात, बेबी. तुन्हं तं घर व्हतं ते."

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. ते नीट बसेना. अशा वेळी माणूस रडतो, पाया पडतो, निदान हात तरी धरतो. मीही रडले, पण नंतर, मोरीत जाऊन, नळ सोडून. आधी काय वाटलं ते आज खरं लिहून टाकते. चौदाव्या वर्षी हिला हे सुचलं आणि मला नाही, याचा मला तिथल्या तिथे, तिच्या उशाशी बसून, हेवा वाटला.